केसांची गळती आणि टक्कल : काही रूढ समजुती

डोक्यावरील केस विरळ होऊ लागले की त्याचे कारण सांगणारा मनुष्य शोधीत जावे लागत नाही. न्हावी साबणाला दोष देतो. घरातील वडीलधारी माणसे तेल न लावण्याला देतात. वसतिगृहात राहावयास गेलेला विद्यार्थी तेथील पाण्याला नावे ठेवतो, आणि शेजारी टोपीकडे बोट दाखवितात. उपायही असेच तयार असतात. इ. स. पूर्वी सुमारे १५५० मध्ये लिहिल्या गेलेल्या एबर्स पपायरस ह्या इजिप्शियन वैद्यकग्रंथात सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप व रानबोकड ह्यांची चरबी एकत्र करून टकलावर चोळावी, असे सांगितले आहे. रोमच्या ज्यूलियस सीझरला मिळालेल्या मानांपैकी विजयाची पर्णमाला सदैव मस्तकावर धारण करण्याचा मान त्यास विशेष प्रिय होता, आणि त्याचे कारण त्याचे टक्कल होते, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. मगरीची चरबी आता बाजारात मिळत नाही; परंतु टकलाचे मूळ डोक्याच्या पृष्ठभागावर असून उपायही तेथेच चोळावयाचा, हा विचार मात्र साडेतीन हजार वर्षे टिकून राहिला आहे.

ह्या सर्व समजुती निव्वळ अज्ञानातून निघाल्या, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी खरा अनुभव असतो. साबण बदलला आणि केस गळू लागले, हे त्या मनुष्याने स्वतः पाहिलेले असते. अनुभव खरा असूनही अनुमान चुकते, ह्याचे प्रमुख कारण असे की, केस फार उशिरा उत्तर देतो. हे समजून घेण्यासाठी त्याच्या वाढीचा क्रम प्रथम पाहिला पाहिजे.

केसाचे आयुष्य

केस म्हणजे केराटिन ह्या प्रथिनाचा तंतू होय. नखे, खूर व शिंगे ह्यांतही हेच प्रथिन असते. त्वचेच्या वर दिसणारा केसाचा भाग निर्जीव असतो, म्हणूनच तो कापताना वेदना होत नाहीत. जिवंत भाग त्वचेमध्ये काही मिलिमीटर खोल, एका सूक्ष्म थैलीच्या तळाशी असतो. ह्या थैलीस केशपुटक म्हणतात. तळाशी असलेल्या पेशींचे विभाजन होऊन नव्या पेशी वर ढकलल्या जातात. त्या वाटेत कठीण होतात, मरतात, आणि केसाच्या रूपाने बाहेर येतात. ह्या कार्यास लागणारे पोषण रक्तातून, म्हणजे खालून येते. मनुष्याच्या डोक्यावर साधारणतः एक लाख केशपुटके असतात, व ती जन्मतःच असतात.

केशपुटक अखंड काम करीत नाही. दोन ते सहा वर्षे ते केस वाढवीत राहते, आणि ह्या काळात केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर लांबतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत केशपुटक आकसते आणि पुढे सुमारे तीन महिने विश्रांती घेते. विश्रांतीच्या काळातही जुना केस जागेवरच असतो. वाढ मात्र थांबलेली असते. अखेरीस हा केस गळतो आणि त्याच केशपुटकातून नवा केस वर येऊ लागतो. पिकले पान गळावे तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, झाडाची सर्व पाने एका ऋतूत गळू शकतात, मनुष्याची केशपुटके मात्र आपापल्या वेळापत्रकाने चालतात. त्यामुळेच मनुष्य वर्षातून एकदा बोडका होत नाही.

आता थोडा हिशेब करावा. निरोगी डोक्यावर शंभरांतील सुमारे नव्वद केस वाढीच्या अवस्थेत आणि दहा विश्रांतीच्या अवस्थेत असतात. एक लाखातील दहा हजार केस विश्रांती घेत आहेत आणि त्यांची विश्रांती सुमारे शंभर दिवसांची आहे, असे धरले तर दररोज शंभर केस गळणे हा साधा भागाकार झाला. प्रत्यक्षातही पन्नास ते शंभर केसांची दैनिक गळती स्वाभाविक मानली जाते. कंगव्यात अडकलेले केस पाहून धास्तावलेल्या मनुष्यास हा भागाकार ठाऊक नसतो. तीन दिवस डोके न धुता चौथ्या दिवशी स्नान केले तर मधल्या दिवसांत सुटून इतर केसांत अडकून राहिलेले केसही त्याच वेळी पाण्याबरोबर येतात. मग 'शांपूने केस जातात' असा बोभाटा होतो. शांपूने गेलेले केस आधीच गेलेले असतात.

उशिरा येणारे उत्तर

विषमज्वर, डेंग्यू किंवा दुसरा एखादा तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, अल्पावधीत वजनात झालेली मोठी घट, स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपण, अशा प्रसंगी शरीरावर पडलेल्या ताणामुळे वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केशपुटके एकाच वेळी विश्रांतीत जातात. परंतु केस त्या वेळी गळत नाहीत. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी, विश्रांती संपल्यावर. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन ह्यांनी १९६१ मध्ये ह्या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. २०२० व २०२१ ह्या वर्षी कोविडच्या साथीनंतर हीच गळती जगभर मोठ्या प्रमाणावर दिसून आली.

ज्याला मार्च महिन्यात ताप आला त्याचे केस जूनमध्ये झडू लागतात. तोपर्यंत ताप विस्मरणात गेलेला असतो. जूनमध्ये त्याने नवा साबण आणलेला असतो, किंवा नोकरीनिमित्त परगावी जाऊन तो तेथील पाण्याने स्नान करू लागलेला असतो. दोष अर्थातच साबणाला अथवा पाण्याला मिळतो. जड पाण्यातील क्षारांमुळे केस राठ होतात व साबणाचा फेस नीट येत नाही, हे खरे. परंतु हे क्षार केसाच्या निर्जीव दांड्यावर बसतात, खोलवर असलेल्या केशपुटकाला बंद पाडीत नाहीत.

गोष्ट येथेच संपत नाही. तापानंतरची ही गळती बहुधा आपोआप थांबते, आणि चार-सहा महिन्यांत केस पूर्ववत होऊ लागतात. मधल्या काळात तो मनुष्य कांद्याचा रस, माक्याचे तेल, कोणा परिचिताने दिलेली वनस्पती असे एकामागून एक उपाय करीत असतो. केस परतू लागण्याच्या वेळी जो उपाय हाती असेल तो यशस्वी ठरतो, व पुढे दहा जणांस तो छातीठोकपणे सांगितला जातो. निरपराध साबणाला शिक्षा आणि निरुद्योगी तेलाला बक्षीस, असा हा न्याय आहे.

जावळ आणि वस्तरा

लहान मुलाचे जावळ काढले की केस दाट येतात, आणि दाढी वारंवार केल्याने ती राठ होते, ह्या दोन समजुती भारतातच नव्हे तर जगात सर्वत्र आढळतात. जावळ काढण्याच्या संस्काराचा हेतू धार्मिक आहे. त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. प्रश्न फक्त दाटपणाचा आहे. तान्ह्या मुलाचे पहिले केस मऊ व बारीक असतात आणि वयाबरोबर त्यांची जागा अधिक जाड केस घेतात. जावळ काढले अथवा न काढले तरी हा बदल व्हावयाचाच असतो. दाढीचेही तसेच आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दाढी करू लागतो, आणि त्याच वयात दाढीचे केस जाड होत जातात; श्रेय वस्तऱ्याला मिळते.

केस कापलेला आहे हे केशपुटकाला कळण्याची काही सोयच नाही, कारण कापलेला भाग मृत असतो. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. वस्तऱ्याने ते गेले की मधला जाड भाग बोथट टोकासह वर येतो आणि हाताला खरखरीत लागतो. ह्या प्रश्नाची प्रयोगाने तपासणीही झालेली आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर ह्या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ विदुषींनी १९२८ मध्ये दाढी करणाऱ्या पुरुषांच्या केसांची मोजमापे प्रसिद्ध केली. वस्तऱ्यामुळे केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असे त्यांस आढळले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगाची योजना तर शाळेतील विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. पाच तरुणांनी कित्येक महिने दर आठवड्यास आपल्या एकाच पायावर वस्तरा फिरविला आणि दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला. शेवटी दोन्ही पायांवरील केसांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. मनुष्य तोच, आहार तोच, ऋतू तोच. फरक केवळ वस्तऱ्याचा. अशी तुलना केल्यावाचून कोणत्याही तेलाची अथवा औषधाची परीक्षा होऊ शकत नाही.

टोपी, फेटा आणि रक्तपुरवठा

टोपीने डोक्याची हवा बंद होते, शिरस्त्राणाने रक्त थांबते, म्हणून केस जातात, असे सांगितले जाते. केशपुटकाला प्राणवायू रक्तातून मिळतो, हवेतून नव्हे. रक्ताची म्हणावी तर डोक्याच्या त्वचेला त्याची चांगलीच सुबत्ता आहे. डोक्याला लहानशी खोक पडली तरी किती रक्त वाहते, हे सर्वांनी पाहिलेले असते. शीर्षासन केल्याने किंवा डोके चोळल्याने टक्कल टळते ही समजूतही ह्याच कल्पनेची बहीण होय.

ह्या कल्पनेचा निकाल लावणारा पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख ह्यांनी १९५२ मध्ये एका रुग्णाच्या डोक्याच्या मागील बाजूची केस असलेली त्वचेची लहान वर्तुळे काढून ती पुढील टकलावर बसविली. ती तेथे रुजली आणि त्यांतून केस वाढत राहिले. उलट, टकलाच्या जागेची त्वचा दाट केसांच्या भागात बसविली असता ती तेथेही बोडकीच राहिली. आपली निरीक्षणे त्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्या जागेचा रक्तपुरवठा अपुरा असता तर मागून आणलेले केस तेथे जगते ना. जागा बदलली तरी केशपुटकाचा स्वभाव बदलला नाही. म्हणजे दोष जागेचा नसून केशपुटकातच उपजत असलेल्या प्रवृत्तीचा आहे. केशरोपणाची आजची सर्व पद्धती ह्याच शोधावर उभी आहे.

तथापि टोपीविषयीच्या समजुतीत सत्याचा एक कण आहे, आणि तो सांगितला पाहिजे. झाकल्याने केस जात नाहीत, परंतु सतत ओढल्याने जातात. केस घट्ट ओढून गाठ बांधण्याची रीत वर्षानुवर्षे चालू राहिली तर कपाळाच्या व कानशिलाच्या कडेचे केस विरळ होतात. केस घट्ट बांधून त्यावर पगडी घालणाऱ्या शीख पुरुषांत, तसेच आवळून वेणी घालणाऱ्या स्त्रियांत हा प्रकार वैद्यांनी नोंदविला आहे. वेळीच बांधणी सैल केली तर केस परत येतात. फार वर्षे गेली तर मात्र केशपुटके कायमची नष्ट होतात.

पुरुषी टक्कल कशाने पडते

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे हटणे, टाळूवर वर्तुळ उघडे पडणे, आणि अखेरीस कानांवरून मागे जाणारा केसांचा पट्टा तेवढा शिल्लक राहणे, हा क्रम इतका ठराविक आहे की अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन ह्यांनी १९५१ मध्ये त्याच्या पायऱ्या आखून दाखविल्या, व १९७५ मध्ये ओ'टार नॉरवुड ह्यांनी त्यांत सुधारणा केली. साबण किंवा पाणी हे कारण असते तर मागचा पट्टा नेमका का वाचावा? आंघोळीचे पाणी सगळ्या डोक्यावर सारखेच पडते.

ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस ह्याच्या नावाने चालत आलेल्या सूत्रांत खोजांना टक्कल पडत नाही, असे एक सूत्र आहे. ह्या जुन्या निरीक्षणाचा अर्थ हॅमिल्टन ह्यांनी १९४२ मध्ये उलगडला. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या वृषणांचे कार्य नाहीसे झाले होते, अशा पुरुषांना टक्कल पडलेले नाही, असे त्यांस दिसले. अशा पुरुषांना वृषणात तयार होणारे टेस्टोस्टेरोन हे हॉर्मोन दिले असता, ज्यांच्या कुळात टक्कल होते त्यांस ते पडू लागले. औषध थांबविल्यावर ते वाढावयाचे थांबले. टकलाला दोन गोष्टी लागतात, पुरुषी हॉर्मोन आणि आनुवंशिक प्रवृत्ती, हे ह्यावरून स्पष्ट झाले.

टेस्टोस्टेरोनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरोन नावाचे अधिक प्रभावी हॉर्मोन बनते. कपाळावरील व टाळूवरील ज्या केशपुटकांत उपजत संवेदनशीलता असते, त्यांवर ह्या हॉर्मोनचा परिणाम होऊन त्यांचा वाढीचा काळ प्रत्येक फेरीला कमी कमी होत जातो. पाच वर्षे वाढणारा केस तीन वर्षे, मग एक वर्ष, मग काही महिनेच वाढतो; केशपुटकही आखूड व अरुंद होते, आणि अखेरीस त्यातून डोळ्यांस क्वचितच दिसेल अशी लव तेवढी येते. टकलावर केस नसतात ही समजूतही म्हणून बरोबर नाही. तेथे पुष्कळदा केस असतात, पण ते दिसण्याजोगे उरलेले नसतात. ह्याच हॉर्मोनमुळे दाढीचे केस मात्र जाड होतात. एकच आज्ञा दोन ठिकाणी उलट अर्थाने पाळली जाते. त्यामुळे भरघोस दाढी व गुळगुळीत डोके एकाच मनुष्याच्या वाट्याला येतात.

टक्कल हे विशेष पौरुषाचे किंवा विशेष बुद्धीचे लक्षण होय, अशीही एक समजूत प्रचलित आहे व ती टक्कल असलेल्यांस अर्थातच सुखावह वाटते. टक्कल असलेल्या पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरोनचे प्रमाण सामान्यतः इतरांइतकेच असते. अधिक असते ती केशपुटकांची संवेदनशीलता. बुद्धीविषयी काही लिहिण्याचे कारण दिसत नाही.

आईच्या वडिलांचे डोके पाहावे म्हणजे नातवाचे भविष्य कळते, असे म्हणतात. ह्यात अर्धसत्य आहे. पुरुषी हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषास एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. परंतु आईजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात, एक तिच्या वडिलांचे व एक तिच्या आईचे. मुलास त्यांतले काय मिळेल हे ठरलेले नसते. शिवाय हे जनुक एकटे नाही. ब्रिटनमधील ५२,००० हून अधिक पुरुषांच्या माहितीचे एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी विश्लेषण केले, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. टकलाशी निगडित अशी २८० हून अधिक जनुकीय स्थाने त्यात आढळली, आणि एक्स गुणसूत्रावर त्यांपैकी सुमारे ४० होती. बाकीची बाप व आई ह्या दोघांकडूनही येऊ शकतात. आजोबांच्या जोडीला वडील, चुलते व मामा ह्यांचीही डोकी पाहावी लागतील, आणि तरीही भाकीत चुकू शकेल.

दोन औषधांची हकीगत

पुरुषी टकलावर ज्यांचा उपयोग रीतसर चाचण्यांनी सिद्ध झाला अशी दोन औषधे विशेष प्रसिद्ध आहेत, आणि त्या दोहोंचाही केसांशी असलेला संबंध आडवाटेने उघड झाला. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरील औषध. अमेरिकेत त्याच्या गोळ्यांस १९७९ मध्ये परवानगी मिळाली. त्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर व चेहऱ्यावर केस वाढतात, असे दिसून आल्यावर डोक्याला लावावयाचे द्रावण तयार करण्यात आले व त्यास १९८८ मध्ये मान्यता मिळाली. दुसऱ्या औषधाचा धागा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात सापडला. तेथील काही कुटुंबांतील पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरोनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरोन बनविणारे एंझाइम जन्मतःच कमी होते. ज्युलियन इंपेरॅटो-मॅकगिन्ली व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७४ मध्ये ह्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची कपाळावरची केसांची रेषा मागे हटत नाही आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते, ह्या निरीक्षणांनी औषधनिर्मात्यांस दिशा मिळाली. त्या एंझाइमला रोखणारे फिनास्टेराइड प्रथम १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी, आणि लहान मात्रेत १९९७ मध्ये टकलासाठी अमेरिकेत मान्य झाले.

दोन्ही औषधांच्या मर्यादा जाणून घेणे आवश्यक आहे. ती असलेले केस टिकविण्यास व काही लहान झालेले केस पुन्हा जाड करण्यास साहाय्य करतात. पूर्ण गुळगुळीत झालेल्या डोक्यावर ती फारसे काही करू शकत नाहीत. ती बंद केली की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. फिनास्टेराइडने काही पुरुषांच्या लैंगिक कार्यात बाधा येते, मनःस्थितीवरही परिणाम झाल्याच्या तक्रारी आहेत, आणि गर्भवती स्त्रियांनी फुटलेल्या गोळ्या हाताळूही नयेत. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घ्यावयाचे औषध नव्हे. मिनॉक्सिडिल लावू लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट जास्त केस गळतात. विश्रांतीतील जुने केस नव्या केसांना वाट देत असतात; परंतु हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण नेमके त्याच वेळी औषध टाकून देतात. जे तेल किंवा औषध पंधरा दिवसांत नवे केस आणण्याचे वचन देते, ते केसाच्या आयुष्यक्रमाशीच विसंगत बोलत असते. पंधरा दिवसांत निरोगी केससुद्धा अर्धा सेंटिमीटरच वाढतो. कोणत्याही उपचाराचा निर्णय करावयास निदान चार-सहा महिने जाऊ द्यावे लागतात.

गळती दुसऱ्या कारणाची असेल तर

पुरुषाचे केस गेले की ते वंशपरंपरेनेच गेले, असे गृहीत धरणे हीदेखील एक घातक समजूत आहे. डोक्यावर किंवा दाढीत नाण्याएवढी गुळगुळीत चकती अचानक पडते तिला चाई म्हणतात. किड्याने केस खाल्ले, पाल अंगावरून गेली, अशी तिची कारणे सांगितली जातात. वास्तविक शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच केशपुटकांवर हल्ला करते म्हणून ती पडते. ती संसर्गजन्य नाही. चाई असलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. लहान चाई पुष्कळदा आपोआप भरून येते, आणि कांदा, लसूण इत्यादींची कीर्ती त्यामुळेच वाढली असावी.

ह्याच्या उलट, शाळकरी मुलांच्या डोक्यावर कोंडा व खपल्या धरून, केस मुळाशी तुटून पडणारी चकती दिसली तर ती नायट्याची, म्हणजे बुरशीची असण्याचा संभव असतो. ही मात्र संसर्गजन्य असून कंगवा, टोपी, टॉवेल ह्यांतून पसरते. बुरशी केसाच्या आत शिरलेली असल्यामुळे केवळ वरून मलम लावून भागत नाही, पोटात औषध घ्यावे लागते. तेल चोळीत महिने घालविले तर व्रण राहून तेथील केस कायमचे जातात. दोन चकत्या, एकीत भिण्याचे कारण नाही, दुसरीत उशीर करून चालत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात व २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील अनेक गावांत पुरुष, स्त्रिया व मुले ह्यांचे केस काही दिवसांतच झपाट्याने गळू लागले. काहींनी लाजेने डोकी मुंडून घेतली. संशय प्रथम पाण्यावर आला, मग बुरशीवर व शांपूवर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तज्ज्ञ तेथे गेले. विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातनाम असलेले महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर ह्यांनीही तेथे जाऊन नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण पुष्कळच अधिक असल्याचे आणि ते शिधावाटपाच्या गव्हातून आल्याचे त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. सेलेनियम हे शरीरास अत्यल्प प्रमाणात लागणारे मूलद्रव्य आहे; ते मर्यादेबाहेर गेले की केस व नखे गळतात. ह्या घटनेत वैद्यांस प्रथमदर्शनीच एक खूण मिळाली होती : जी गळती आठ दिवसांत होते आणि घरातील बायकामुलांनाही सोडीत नाही, ती पुरुषी टकलाची असू शकत नाही. ते टक्कल वर्षांच्या हिशेबाने पडते.

थायरॉइड ग्रंथीचे विकार, लोहाची कमतरता, काही औषधे, ह्यांमुळेही केस विरळ होतात. त्यांचा उपाय मूळ विकारावर करावयाचा असतो. बायोटिन ह्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या केसांसाठी सर्रास खाल्ल्या जातात. त्याची खरी कमतरता विरळा आढळते, आणि मोठ्या मात्रेत घेतलेले बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे निष्कर्ष चुकवू शकते. हृदयविकाराच्या निदानासाठी करावयाची एक तपासणी त्यांत येते, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिली.

तेल आणि तेलाची जाहिरात

ह्या सगळ्यात खोबरेल तेलाची बाजू कोण घेणार? थोडी घेतली पाहिजे. मुंबईतील एका तेल-उद्योगाच्या संशोधन विभागातील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे व खनिज तेल ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना-विंचरताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, इतर दोन तेलांत हा गुण आढळला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. संशोधन तेल विकणाऱ्यांनीच केलेले असले तरी खोबरेलातील मुख्य स्निग्धाम्लाचे रेणू सरळ व लहान असल्यामुळे ते आत शिरतात, हे स्पष्टीकरण रसायनशास्त्रास धरून आहे. आजीने लावलेले तेल वाया गेले नाही. त्याने दांडा राखला, केशपुटक राखले नाही. ज्याच्या डोक्यात कोंडा फार आहे त्याने मात्र तेल बेताने वापरावे, कारण कोंड्याशी संबंधित असलेली यीस्टवर्गीय बुरशी स्निग्ध पदार्थांवर वाढते.

दांडा व केशपुटक ह्यांतील हा भेद जाहिरातींत सोयीस्कर रीतीने पुसला जातो. भारताच्या १९४५ च्या औषध नियमांना जोडलेल्या अनुसूची 'जे' मध्ये, ज्या विकारांवर कोणत्याही औषधाने प्रतिबंधाचा वा गुणाचा दावा करावयाचा नाही अशांची यादी आहे. टक्कल, नवे केस उगविणे व अकाली केस पांढरे होणे ह्यांची नावे त्यात आहेत. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'केसगळती' हा शब्द असतो आणि खाली बारीक अक्षरांत, ही गळती केस तुटण्यामुळे होणारी आहे, असा खुलासा असतो. तुटलेला केस आणि गळलेला केस घरच्या घरी ओळखता येतो. उशीवर किंवा कंगव्यात सापडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून साध्या भिंगाने त्याची दोन्ही टोके पाहावीत. एका टोकाला बारीकशी पांढुरकी गाठ असेल तर तो आपला काळ पुरा करून मुळापासून आलेला आहे; दोन्ही टोकांस गाठ नसेल तर तो मध्येच तुटलेला आहे. तेलाचा उपयोग झाला तर ह्या दुसऱ्या केसाला होतो.